हिरडीच्या आत सहा मिलिमीटर

ऑरहूस हे डेन्मार्कमधलं विद्यापीठाचं शहर. तिथे १९६०च्या दशकात बारा धडधाकट माणसांनी ठरवून दात घासणं सोडलं. त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, म्हणजे आपण काय करतोय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. हॅराल्ड लो या नॉर्वेजियन दंतवैद्यानं त्यांना हे करायला लावलं होतं. दातांवर काय साचतं, हिरड्यांचं काय होतं, याची तो नोंद ठेवत होता. कुणाला दहा दिवस लागले, कुणाला तीन आठवडे. पण बाराच्या बारा जणांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या, बोट लावलं तरी रक्त यायला लागलं. मग ब्रश पुन्हा हातात दिले, आणि आठवडाभरात हिरड्या होत्या तशा झाल्या.

हा प्रयोग १९६५ साली छापून आला. हिरड्यांतून रक्त येण्याला तोवर वय, आहार, प्रकृती अशी बरीच कारणं सांगितली जायची. आपल्याकडे आजही सांगतात. थुंकीत लाल दिसलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘उष्णता झालीय, सब्जा घे.’ लोच्या प्रयोगानं मुख्य आरोपी समोर आणला: दातावरचा तो चिकट, पांढुरका थर. नखानं खरवडला की नखात येतो तोच. दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात. शेकडो जातींच्या जिवाणूंची ती वसाहत असते. तशीच राहू दिली की लाळेतलं कॅल्शियम तिच्यात बसत जातं आणि ती दगडासारखी टणक होते. मग तिला कीटण म्हणायचं. ते ब्रशनं निघत नाही, कितीही जोर लावा.

आमची आत्या फलटणकडची. तिच्या घरी ब्रश उशिरा आला आणि आला तो नातवंडांसाठी. ती स्वतः मिश्री लावते. मी लहानपणी ती भाजताना पाहिलीय. लोखंडी तव्यावर तंबाखू पसरायची, काळीभोर होईस्तोवर परतायची; घरभर असा ठसका उठायचा की आम्ही पोरं अंगणात पळायचो. मग हातानं चुरायची, फडक्यातून चाळायची आणि एका चपट्या डबीत भरायची. सकाळी ओट्यावर बसून चिमूटभर घेऊन बोटानं हिरड्यांवर फिरवायची, सावकाश, पुढून मागे. तेवढा वेळ आत्याशी बोलायचं नाही. तोंडात काळं पाणी असायचं. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तिची पक्की समजूत. केंद्र सरकारनं १९९२ साली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली; पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण विचारतो? पुरुषाची विडी दिसते, तिच्यावरून घरात भांडणं होतात. बाईची मिश्री दात घासण्यात खपून जाते.

आत्याला मधुमेह आहे. बऱ्याच वर्षांचा. मध्यंतरी गोळ्या वाढवूनही साखर हलेना. पथ्य तसं बरं पाळायची. त्याच सुमारास ती भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. खालचे पुढचे दोन दात हलत होते आणि चावलं की ठणका लागायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. साखरेचा डॉक्टर वेगळा, दाताचा वेगळा.

पुण्यात आणून तिला डेंटल कॉलेजात दाखवलं. खुर्चीत आडवी होताना तिनं पदर मुठीत धरून ठेवला होता. एम.डी.एस. करणारी एक मुलगी म्हणाली, “आजी, आ करा,” आणि तिनं एक बारीक, टोकाला बोथट सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद उतरवली. सळईवर मिलिमीटरच्या काळ्या खुणा असतात. एका दाताभोवती सहा ठिकाणी ती टेकवायची, दरवेळी आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि शेजारच्या विद्यार्थ्यानं तो तक्त्यात लिहायचा. “तीन, दोन, तीन. चार, तीन, पाच. सहा, पाच, सात.” असं संपूर्ण तोंडभर. आत्यानं मध्येच हात वर करून थांबवलं, चूळ भरली आणि विचारलं, “पाढे म्हणताय काय गं?” ती मुलगी हसली. चूळ लालच होती.

तीनपर्यंतचा आकडा चांगला. तेवढी खाच प्रत्येक निरोगी दाताभोवती असतेच. चार आला की काळजी सुरू. सहा-सात म्हणजे हिरडी दातापासून सुटत सुटत मुळाच्या बाजूनं खोल गेलीय आणि दाताला धरून ठेवणारं हाड तिथं झिजलंय. त्या खोल फटीला पॉकेट म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला फारसं काही दिसत नाही. जाहिरातींत निरोगी हिरडी नेहमी गुलाबी असते. आपल्या बहुतेकांच्या हिरड्या तपकिरी-काळपट, आणि तो रंग पूर्णपणे निरोगी. तेव्हा रंगावर जाऊ नये. रक्त येतं का, हे पाहावं. त्यातही एक गोम आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून आतला रोग बराच काळ झाकलेला राहतो. ओढणाऱ्याला वाटतं, आपल्या हिरड्या ठणठणीत.

दात ही शरीरातली मोठी विचित्र वस्तू आहे. बाहेरून त्वचा आणि आतून तिच्यासारखंच अस्तर, असं आपलं सगळं शरीर बंद असतं. ते भेदून आतून बाहेर येणारी कठीण गोष्ट एकच, दात. नखसुद्धा त्वचेच्या घडीतून उगवतं, तिला छेदून जात नाही. स्लॅबमधून पाइप बाहेर काढला की पावसाळ्यात गळती सुरू होणार ती नेमकी पाइपाच्या कडेनं, हे कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत असतं. दाताच्या कडेला शरीरानं लावलेलं सील म्हणजे पेशींचा एक पातळ पट्टा. तो इतका सैल विणलेला असतो की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यातून सतत बाहेर झिरपतात. निरोगी तोंडातसुद्धा. एका जुन्या मोजणीनुसार मिनिटाला सुमारे तीस हजार. म्हणजे हिरडी ही कायमची चौकी आहे, आणि शांततेच्या काळातही तिथला पहारा उठत नाही.

इंटरनेटवर एक वाक्य फार फिरतं, की हिरड्यांचा रोग म्हणजे तळहाताएवढी उघडी जखम. ऐकायला जोरदार, पण खरं नाही. सगळ्या दातांभोवतीच्या पॉकेटच्या आतल्या अस्तराचं क्षेत्रफळ किती भरेल, याचं नीट गणित २००१ साली मांडलं गेलं, तेव्हा उत्तर आलं ८ ते २० चौरस सेंटिमीटर. बोटं सोडून नुसता तळवा धरला तरी त्याच्या चतुर्थांशाच्या आसपास. मला मात्र हा खरा आकडाच जास्त गंभीर वाटतो. पायावर एवढी जखम चिघळून वर्षभर भरलीच नाही, तर मधुमेह्याला त्याचे डॉक्टर किती बोलतील!

आता या पॉकेटात नेमकं काय चालतं ते बघू. जिवाणू दाताच्या बाजूला चिकटून असतात. त्यांना हटवायला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्यामागून इतर येतात. त्यांच्याजवळची हत्यारं म्हणजे प्रथिनं कापणारी विकरं, म्हणजे एन्झाइम. ती जिवाणूंवर चालतात तशी हिरडीच्या तंतूंवरही चालतात. लढाईच्या धामधुमीत निघालेले निरोप हाड विरघळवणाऱ्या पेशींपर्यंत पोचतात आणि त्या कामाला लागतात. म्हणजे आत्याचं हाड जिवाणूंनी खाल्लेलं नाही. तिच्याच शरीरानं, बचाव करता करता, ते सोडून दिलंय. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करायची?

लोनंच पुढे श्रीलंकेत केलेलं काम इथे आठवतं. चहाच्या मळ्यांवर राबणारे ४८० पुरुष मजूर त्यानं आणि सहकाऱ्यांनी १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं पुन्हा पुन्हा तपासले. या माणसांनी कधी ब्रश पाहिला नव्हता, दाताचा डॉक्टर पाहिला नव्हता. कीड जवळपास कुणाच्याच दाताला नाही, पण कीटण आणि सुजलेल्या हिरड्या सगळ्यांना. साचलेला मळ सारखाच, तरी निकाल वेगवेगळे निघाले. ८ टक्के लोकांचे दात झपाट्यानं पडत गेले. ८१ टक्क्यांचा रोग मध्यम गतीनं वाढला. आणि ११ टक्क्यांच्या हिरड्या नुसत्या सुजलेल्या राहिल्या, त्यापुढे काहीच झालं नाही. ‘माझे आजोबा नव्वदीत ऊस सोलून खायचे आणि आयुष्यभर राखुंडीच लावायचे’ असं सांगणारा प्रत्येक गावात एक तरी असतो. ते आजोबा बहुधा त्या ११ टक्क्यांतले. राखुंडीला त्याचं श्रेय किती द्यायचं, हा प्रश्नच आहे.

मग ही लढाई तोंडातच का थांबत नाही? एक तर हिरडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. पॉकेटचं अस्तर जागोजागी फाटलेलं असतं, त्यामुळे नुसतं चावताना किंवा दात घासतानाही जिवाणू थोडा वेळ रक्तात शिरतात. बहुतेकांच्या शरीरात ते काही मिनिटांत निकालात निघतात. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे त्यांना मात्र दाताचं काम करण्याआधी अँटिबायोटिक का देतात, त्याचं कारण हेच. दुसरं, आणि बहुधा जास्त महत्त्वाचं, म्हणजे हिरडीत तयार झालेली रसायनं. त्यांतलं एक इंटरल्युकिन-६. ते रक्तातून यकृतात पोचतं आणि यकृत सीआरपी नावाचं, शरीरातल्या दाहाची खूण मानलं जाणारं प्रथिन ओतायला लागतं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. करोनाच्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांनी त्याचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवलेत. तेव्हा गंभीर रुग्णांत ते शंभराच्याही वर जायचं. हिरड्यांच्या रोगात वाढ अगदी लहान असते, लिटरला एखाद-दोन मिलिग्रॅम इतकी. ताप येत नाही, कणकण येत नाही, काहीच कळत नाही. पण ती चढलेली पातळी वर्षानुवर्षं तशीच राहते.

सगळ्यात पक्का धागा मधुमेहाचा, आणि तो दोन्हीकडून ओढला जातो. साखर जास्त असली की लहान रक्तवाहिन्या बिघडतात, पांढऱ्या पेशी नीट काम करेनाशा होतात आणि हिरडीतली जखम भरायला वेळ लागतो. १९९३ साली याच हॅराल्ड लोनं हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्यांचे विकार आणि न भरणाऱ्या जखमा यांच्या रांगेत त्यानं हिरडीला बसवलं. त्याच्या नजरेसमोर बरंचसं काम होतं ते अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या पिमा लोकांवरचं. या आदिवासी समाजात मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे, आणि तिथे अनेक वर्षं लोकांची तब्येत नोंदली गेलीय. त्या नोंदींतून २००५ साली दिसलं, की मधुमेह असलेल्या ज्यांच्या हिरड्यांचा रोग गंभीर होता, त्यांचे हृदयविकारानं किंवा मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू इतरांपेक्षा सुमारे तिप्पट होते.

उलट्या बाजूनं बघायचं तर हिरडीत सतत तयार होणारी दाहकारक रसायनं इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. गोळी तीच, पथ्य तेच, पण साखर पेशींत शिरायला तयार नाही. तसं असेल तर हिरड्या नीट केल्यावर साखर उतरायला हवी. हे तपासून पाहिलंय, अनेकदा. २०१३ साली अमेरिकेत ५१४ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही आणि बऱ्याच लोकांनी हा विषय संपल्याचं जाहीर केलं. त्यावर हिरड्यांच्या तज्ज्ञांनी आक्षेप घेतला, की उपचारांनंतरही त्या लोकांच्या तोंडात प्लाक आणि रक्तस्राव भरपूर होता; रोगच गेला नाही तर साखर कशानं उतरणार? मला हा आक्षेप पटतो, पण हरलेल्या बाजूचे आक्षेप नेहमीच पटण्यासारखे असतात, हेही खरं. २०२२ साली कॉक्रेन या संस्थेनं ३५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर एका आकड्यात सांगणारं एचबीए१सी तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरलेलं होतं. काही दंतवैद्य म्हणतात, ही मधुमेहाची आणखी एक गोळी घेतल्यासारखी घट आहे. हे थोडं सढळ हातानं मोजलेलं वाटतं, पण तिकडे दुर्लक्ष करावं एवढी ती घट लहानही नाही. भारतात मधुमेह असलेले १० कोटींहून जास्त लोक आहेत. त्यातल्या किती जणांना साखरेच्या डॉक्टरांनी कधी विचारलंय, ‘हिरड्यांतून रक्त येतं का?’ पाय दाखवायला सांगतात, डोळे तपासून यायला सांगतात. तोंड? क्वचित.

हृदयाची गोष्ट जास्त गाजलेली आणि जास्त कच्ची. १९८९ साली फिनलंडमधून एक शोधनिबंध आला: हृदयविकाराचा झटका आलेल्या १०० जणांचे दात आणि जवळपास तेवढ्याच निरोगी लोकांचे दात शेजारी ठेवून पाहिले, तर झटका आलेल्यांची तोंडं लक्षणीय वाईट निघाली. त्यानंतर अशा अभ्यासांचा पूर आला. बहुतेकांत संबंध दिसला. पण सिगारेट ओढणाऱ्याचं हृदयही बिघडतं आणि हिरड्याही. गरिबाला दोन्हींचे डॉक्टर परवडत नाहीत. हे सगळं गणितातून वजा केलं तरी थोडा संबंध उरतो, आणि त्या उरलेल्या थोड्यावरच सगळा वाद आहे. २००७ साली लंडनमध्ये झालेली चाचणी मला यात सगळ्यात बोलकी वाटते. गंभीर रोग असलेल्या १२० जणांपैकी निम्म्यांच्या पॉकेटांची एकाच दिवशी कसून सफाई केली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या रक्तवाहिन्या बिघडल्या होत्या! हाताची धमनी नीट रुंदावत नव्हती आणि सीआरपी वर गेलं होतं. मात्र सहा महिन्यांनी तीच धमनी तुलनेतल्या गटापेक्षा चांगली चालत होती. हिरडीला हात लावला आणि हाताच्या धमनीनं दोन्ही वेळा उत्तर दिलं. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा, असं वाटतं. पण धमनी चांगली चालणं वेगळं आणि झटका टळणं वेगळं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ साली सगळं चाळून सांगितलं, की संबंध आहे. पण हिरड्यांवर उपचार केल्यानं हृदयविकार टळतो असा पुरावा नाही. ‘दात साफ करा, हार्ट अटॅक टाळा’ असं पाटीवर लिहिणारा दवाखाना पुराव्याच्या पुढे धावतोय.

आणि असं पुढे धावण्याचा इतिहास भयंकर आहे. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण करताना दंतवैद्यांवर तोफ डागली. तुमचे सोन्याचे कॅप आणि ब्रिज म्हणजे पुवावर बांधलेली सोन्याची थडगी आहेत, अशा अर्थाचं तो बोलला. त्याच्या मते संधिवात, पंडुरोग, पोटाचे विकार, सगळ्यांचं मूळ तोंडातल्या पुवात. पुढची वीसेक वर्षं युरोप-अमेरिकेत कुठल्याही न कळणाऱ्या दुखण्यावर दात उपटण्याची लाट आली. न्यू जर्सीमधल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याच्या मते वेडसुद्धा दातांतूनच येत होतं. त्यानं रुग्णांचे हजारो दात काढले. गुण आला नाही तर टॉन्सिल, मग मोठं आतडं. आतड्याच्या शस्त्रक्रियांत माणसं मरत होती आणि तो बरे झालेल्यांचे आकडे छापत होता. ढोंगी असता तर निदान स्वतःची माणसं वाचवली असती. त्यानं बायकोचे आणि मुलांचेही दात काढले. १९३३ साली कॉटन मेला. पुढच्या काही वर्षांत ही सगळी कल्पना बदनाम झाली, आणि दातांचा शरीराशी संबंध आहे हे म्हणणंच वैद्यकात लाजिरवाणं ठरलं. फिनलंडचा तो शोधनिबंध यायला मग अर्धशतक जावं लागलं.

संधिवाताचा मुद्दा मात्र हंटरनंतर शंभर वर्षांनी वेगळ्याच दारानं परत आलाय. पॉकेटात सापडणाऱ्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जिवाणूकडे एक विकर आहे. ते आपल्या प्रथिनांतला एक घटक बदलून सिट्रुलिन करतं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवाताचा संशय आला की जी अँटी-सीसीपी तपासणी करतात, ती अशा बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडंच (अँटिबॉडीज) शोधते. म्हणजे बोटांचे सांधे सुजण्याच्या आधी शरीराचा गोंधळ कदाचित हिरडीत सुरू होत असेल. २०२२ साली उंदरांवर याहून चक्रावणारं काम झालं. हिरड्यांचा रोग असलेल्या उंदरांची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला पांढऱ्या पेशी बनवणारा गर, निरोगी उंदरांना दिली, तर त्या निरोगी उंदरांना संधिवात जास्त तीव्र झाला. त्यांच्या तोंडात रोग नव्हता. तोंडातल्या भांडणानं पांढऱ्या पेशींच्या कारखान्यालाच चिडकं बनवलं होतं, आणि तो कारखाना दुसऱ्याच्या शरीरात गेला तरी स्वभाव घेऊन गेला. उंदरांचं माणसाला किती लागू पडेल ते पडो. पण बिघाड इतक्या खोलवर जात असेल हे मला तरी सुचलं नसतं.

बाकी ठिकाणी पदरी निराशाच. २००६ साली अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांवर चाचणी झाली. हिरड्या सुधारल्या, उपचारांनी बाळाला काही अपाय झाला नाही, पण दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणं काही कमी झाली नाहीत. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत याच जिवाणूची विकरं सापडल्याचं २०१९ साली छापून आलं, मथळे झळकले, त्या विकरांना रोखणारं औषध सहाशेहून अधिक रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. २०२१ साली निकाल आला: स्मृती वाचली नाही.

तोंड शरीरापासून वेगळं काढलं ते आपणच. १८४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये जगातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय स्वतंत्रपणे सुरू झालं आणि तेव्हापासून दोन शाळा, दोन पदव्या, दोन खुर्च्या. आपल्याकडे १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी पहिलं डेंटल कॉलेज काढलं, १९४८ साली डेंटिस्टांसाठी वेगळा कायदा झाला. या वेगळेपणामुळे दंतवैद्यकाचं भलंच झालं, यात शंका नाही. पण त्याची किंमत पेशंट भरतो. बहुतेक आरोग्य विम्यांत अपघात सोडला तर दात बसत नाहीत. हृदय, यकृत, गुडघा हे शरीर, आणि बत्तीस दात मात्र जणू हौसेनं बाळगलेले.

खरं तर हृदयाची भीती घालायची गरजच काय, असं मला वाटतं. माणसाला भाकरी चावता येत नाही, हे दुखणं म्हणून पुरेसं नाही का? आत्या पुण्यात आली ती एचबीए१सीसाठी नाहीच. तिला भाकरी दुधात न बुडवता खायची होती.

तिची सफाई तीन-चार बैठकांत झाली. आधी वरचं कीटण, मग हिरडी बधिर करून मुळांवरचं. ‘क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात’ असं शेजारणीनं तिला निघतानाच सांगितलं होतं. त्या मुलीनं एक काढलेला कीटणाचा तुकडा ट्रेमध्ये ठेवून दाखवला, तुरीच्या डाळीएवढा, काळसर हिरवा. “आजी, दात यानं एकमेकांना धरून ठेवले होते. हलत होते ते आधीपासूनच.” खालचे दोन काढावे लागले. बाकीच्या ठिकाणी तीन महिन्यांनी पुन्हा सळई फिरवली तेव्हा सहा-सातचे चार-पाच झाले होते. रक्त फारच थोड्या जागी आलं. मिश्री सुटलेली नाही. सकाळची राहिलीय, दुपारची सुटली असं ती म्हणते, आणि वहिनी तिच्या पाठीमागून मान हलवते.

साखर उतरली. एचबीए१सी पावणेनऊवरून आठच्या जरा वर आलं. आता श्रेय कुणाचं, यावर घरात एकमत नाही. मधल्या काळात डॉक्टरांनी एक गोळी बदलली होती, त्यामुळे ते त्यांच्या गोळीकडे बोट दाखवतात. वहिनी म्हणते, दुधात कुस्करलेली भाकरी बंद झाली, दुधातली साखर गेली, एवढंच. आत्याचा विश्वास कारल्याच्या रसावर. मी हिरड्यांचं नाव काढलं की ती म्हणते, “असंल बाई.” पुढच्या तपासणीची तारीख मात्र तिनं स्वतः ठरवून घेतली. त्या मुलीनं दिवाळीच्या आधीची दिली होती. आत्या म्हणाली, नंतरची दे. यंदा चकल्या खाऊन बघते आणि मग येते.